वाटेची रुंदी

“मी अगदी ठणठणीत” असं कुणी म्हटलं की सिस्टर सावध व्हायची. परळच्या इस्पितळात नोकरी करण्यात तिची उभी हयात गेली होती. बोलता बोलता तिची बोटं समोरच्याच्या मनगटाकडे सरकायची आणि त्याला पत्ताही लागायचा नाही. ती माझी सख्खी आत्या, पण अख्खी चाळ तिला सिस्टर म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायचो. रडणारा पेशंट परवडला, असं तिचं मत. रडतो म्हणजे कुठे दुखतंय ते तरी कळतं. काही तक्रार नाही म्हणणाराच घात करतो.

हा नियम ती सगळ्या जगाला लावायची. भाजीवाला “एकदम ताजी” म्हणाला की जुडी सोडून बघणार. मुलात काही खोट नाही असं मध्यस्थ बोलला, की ते स्थळ तिच्या दृष्टीने तिथेच निकालात. चाळीतले लोक वैतागायचे, आणि दुखलंखुपलं की पहिलं दार तिचंच ठोठावायचे.

वडील गेल्यावर गावची जमीन तिच्या आणि माझ्या नावावर आली. महाडकडची भातजमीन. कसायला कुणी जाणार नव्हतं, आणि मला वडाळ्याला जरा मोठं घर हवं होतं. सिस्टरची विकायला ना नव्हती. अट एकच, वाट राहिली पाहिजे. एके काळी गावच्या रस्त्याने आमच्या बौद्धवाडीचं मयत नेऊ देत नसत, म्हणून आजोबांनी स्वतःच्या शेतातून नदीकाठच्या स्मशानापर्यंत वाट सोडली होती. आता रस्ता सगळ्यांना मोकळा आहे, तरी वाडी आपली माणसं त्याच वाटेने नेते. कागदावर मात्र ती वाट कुठेच नव्हती. नव्या मालकाने कुंपण घातलं की संपलं.

मग दलालांची तपासणी सुरू झाली. पहिला दादरचा, मीच शोधलेला. इस्त्रीचा शर्ट, मोबाईलवर नोंदणीचं सर्टिफिकेट. सिस्टरने चहा दिला, सर्टिफिकेट चष्मा लावून वाचलं आणि हे इमारतींच्या कामाचं दिसतं, आमचं भात कितव्या मजल्यावर आहे, असं शांतपणे विचारलं. मग तिचा ठरलेला प्रश्न आला, जमिनीला त्रास काय आहे? तो हसून म्हणाला, काहीच नाही मॅडम, एकदम क्लिअर. वाटेचं काय ते नंतर बघून घेऊ. तो जिना उतरेपर्यंत तिने कप विसळूनसुद्धा ठेवला होता. दुसरा आमच्याच नात्यातला, मायेने बोलणारा. त्यालाही जमिनीत काही दुखणं दिसलं नाही. मी चिडलो. अशाने जन्मात गिऱ्हाईक मिळणार नाही, असंही बोललो.

तिसरे तळेकर. महाडहून एसटीने आले ते चपलांना चिखल घेऊनच, कारण पहाटे आधी शेतावर जाऊन आले होते. बसता बसताच त्यांनी दुखणी सांगायला घेतली. जमीन वतनाची, सरकारची परवानगी काढल्याशिवाय विकता येणार नाही, आणि परवानगीला वेळ लागेल. खालचा बांध फुटलाय. “आणि ताई, तिथून मयत नेतात. ते खरेदीखतात लिहिल्याशिवाय मी गिऱ्हाईक आणणार नाही. आणि लिहिलं तर येणारी निम्मी परत जातील, हेही आत्ताच सांगतो.”

सिस्टरने विचारलं, “जेवलात का?”

मी समजलो, दलाल ठरला.

तळेकर बोलले तसंच झालं. परवानगीला वेळ लागला. मयताची वाट आहे म्हटल्यावर दोन गिऱ्हाइकं परत गेली. सिस्टर मला म्हणायची, घाई करू नकोस, नाडी लागेपर्यंत हात सोडायचा नसतो. त्या दिवसांत ती फार वाळली. एकदा मी विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, “कुठे काय रे, ठणठणीत आहे मी.” मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. दोघांनाही कळलं.

खरेदीखतावर तिने सही केली, पण आधी वाटेचं वाक्य तळेकरांकडून मोठ्याने वाचून घेतलं. एक शब्द तिने त्यात घालायला लावला होता, वाट ‘तिरडीसह’ जाण्यापुरती रुंद. त्यानंतर महिनाभरात ती गेली. इस्पितळातून शववाहिनी आली, ती थेट विद्युतदाहिनीपर्यंत. खांदा द्यायला चार पावलंही मिळाली नाहीत. मला ते फार लागलं.

जलदान विधीनंतर मी गावी गेलो, तेव्हा नव्या मालकाच्या कुंपणाचं काम चालू होतं. तो विचारत होता, तिरडीसह म्हणजे नक्की किती? तळेकरांनी वाडीतल्या दोघांना बोलावलं, एक बांबूची शिडी मागवली. पुढे ते दोघं, मागे तळेकर आणि मी. शिडी खांद्यावर घेऊन आम्ही शेताच्या तोंडापासून नदीपर्यंत गेलो, आणि गडी आमच्या दोन्ही अंगांनी खुणेचे खुंट ठोकत आले.

शिडी रिकामी होती. मी मात्र वाटेत खांदा बदलला नाही.