शेवटच्या गुरुवारची सवाष्ण

त्या वर्षी मार्गशीर्षातले गुरुवार मी धरले ते भक्तीने नव्हे, भीतीने. आमच्या एकुलत्या एक मुलीने, मुग्धाने, अटलांटातल्या एका काळ्या मुलाशी लग्न ठरवलं होतं. त्याच्याबद्दल ह्यांनी जे शब्द वापरले ते ऐकून ती घर सोडून गेली होती. मी देवीला साकडं घातलं, तिच्या मनातून तो मुलगा जाऊ दे आणि ती घरी येऊ दे. उपास करून असलं काही मागू नये, हे मला तेव्हा खटकलंही नाही.

आमची गंमत अशी, की उत्तरेत, मिशिगनमधल्या नोव्हायला होतो तेव्हा हे रविवारच्या गप्पांत तावातावाने बोलायचे. गुलामांना फटके मारले ते दक्षिणेतल्या लोकांनी, पाप त्यांचं. मग नोकरीसाठी दक्षिणेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला आलो. इथला गोरा शेजारी म्हणायचा, "उत्तरेतले कुठले एवढे साधू? डेट्रॉइटमध्ये काळ्यांची वस्ती कुठे संपते आणि गोऱ्यांची कुठे सुरू होते ते बघून या." ह्यांनी तेही लगेच उचललं. जिथे राहावं तिथून दुसरीकडे बोट दाखवायचं, हे आम्हाला या देशाने शिकवलं असं म्हणणंही खोटंच. गावी कोणाला चहाचा कप वेगळा ठेवलेला असायचा, हा विषय आमच्या गप्पांत कधी निघाला नाही.

शेवटच्या गुरुवारी उद्यापन होतं. सवाष्णीला हळदकुंकू लावून ओटी भरल्याशिवाय आमच्याकडे उपास सुटत नाही. नेमका त्याच दिवशी जॉर्जियात कधी नव्हे तो बर्फ पडला, रस्ते निसरडे झाले आणि "ड्राइव्ह नाही करता येणार गं, कॅन्सल करतेय" असे एकामागून एक फोन आले. मांडलेल्या घटासमोर मी रडकुंडीला आले. देवीने पाठ फिरवली असंच वाटलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात एक उंच काळी बाई उभी होती. म्हणाली, मी त्या मुलाची आई. मुलांचं लग्न ठरावं आणि आईबापांनी एकमेकांचं तोंडही पाहू नये, हे बरं नाही, म्हणून आलो. मुग्धा गाडीत आहे, वडिलांनी बोलावल्याशिवाय उतरणार नाही म्हणते.

तिला आत या म्हणायच्या आधी मी काय विचारावं? "तुमचे मिस्टर हयात आहेत ना?" माझ्या डोक्यात फक्त कुंकू होतं. तिचा चेहरा एकदम कठोर झाला. काळ्यांच्या घरात बाप नसतोच, हे ऐकून तिचे कान किटले असणार. "आहेत," ती म्हणाली. "तुमच्या पायऱ्यांवर वाळू टाकताहेत, कोणी घसरू नये म्हणून." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सवाष्ण म्हणजे काय, मी का विचारलं, ते सगळं मी घाईघाईने सांगितलं. ती आत आली आणि कुंकवासाठी तिने मान खाली केली.

हे सोफ्यावरून उठले नाहीत. "नथिंग पर्सनल," म्हणाले, "पण ती हिस्टरी तुम्हा लोकांची. आम्ही तर कालपरवा आलो."

"हे घरही दुसऱ्यांनी बांधलेलंच घेतलंत ना? मग ते तळघर सोडून घेतलंत का?" तिने शांतपणे विचारलं.

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांची अशी किळस मला कधी आली नव्हती. मी तशीच बाहेर गेले आणि गाडीचं दार उघडलं. मुग्धाने विचारलं, "बाबांनी बोलावलं?" मी म्हटलं, "नाही. मी बोलावतेय."  ती उतरली.

लग्न झालं. हे आले, जेवले, आणि नोव्हायच्या मित्रांना फोटो पाठवू नको म्हणाले. त्यांचं मन वळवणं मी देवीवर सोडलं आहे, ते माझ्या हातचं नाही. नवस बोलणंही मी सोडलं. काय द्यायचं ते तिला कळतं, आणि माझ्या मागण्यात किती विष होतं ते तिने मला दाखवलं. रोज दिवा लावताना मी तिचे आभार मानते. तिने माझं ऐकलं नाही, म्हणून मुग्धा अजून मला आई म्हणते.