ताईंचा गरम प्लग

माझ्या थोरल्या जावेला मी ताई म्हणते. आम्ही दोघींनी मिळून लॉन्ड्री चालवली. इस्त्री माझ्याकडे आणि कपडे घरोघर पोहोचवणे त्यांच्याकडे, अशी कामाची वाटणी होती. त्यासाठी मोठ्या दिरांची स्कूटर ताई चालवू लागल्या. त्या काळी आमच्या गल्लीत स्कूटर चालवणारी दुसरी बाई नव्हती. लोकांनी त्यांना फटफटीबाई असे नाव ठेवले आणि ताईंनी ते मानाने मिरवले.

ती स्कूटर जुन्या घडणीची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी होती. ताई सावकाश जात आणि दर चार दारांपुढे थांबत. त्यामुळे इंजिन पुरेसे तापत नसे, ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर काजळी धरत असे आणि गाडी भर रस्त्यात मान टाकत असे. मग ताई डिकीतून पाना काढून प्लग खोलत व घासत. एवढे करूनही गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या शर्टांवर त्यांच्या बोटाचा डाग कधी पडला नाही, हे मी आवर्जून लिहिते.

शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने त्यांना गरम प्लग दिला. प्लगमध्येही प्रकार असतात. गरम प्लग उष्णता धरून ठेवतो व काजळी जाळून टाकतो, म्हणून तो सावकाश चालणाऱ्या गाडीला मानवतो. थंड प्लग उष्णता लवकर सोडतो. तो लांबच्या, वेगाच्या प्रवासासाठी असतो. गरम प्लग बसला आणि गाडीने ताईंना पुन्हा दगा दिला नाही. ती गल्लीत शिरली की आवाज ओळखून मी टेबलावर गठ्ठ्यासाठी जागा रिकामी करत असे. आज ते टेबल नाही. तरीही दुपारी कुठे तसा आवाज आला, तर हातातली इस्त्री उभी करावी असे मला क्षणभर वाटते.

पुढे ताईंचे गुडघे थकले, लॉन्ड्री बंद झाली आणि स्कूटर जिन्याखाली चादर पांघरून उभी राहिली. यंदा ताईंच्या मुलाने ती भंगारात देण्याचे ठरवले. ताईंना अन्न गोड लागेना. तेवढ्यात त्यांच्या नातीला हमरस्त्यावरच्या कारखान्यात नोकरी लागली.

"बाबा, गाडी मी नेते," ती म्हणाली.

"ने. पण रस्त्यात बंद पडली की भंगारवाल्याला फोन केलाच समज."

मिस्त्रीने गाडी दुरुस्त केली. प्लग मात्र ताईंनी स्वतः दिला. त्यांनी जपून ठेवलेला, कोरा, गरम प्लग.

"मावशी, पोरगी लांब जाणार आहे," मिस्त्री म्हणाला.

"तू तुझं काम कर रे!"

थोडे दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी नात गाडी ढकलत आली. "आजी, वेग घेतला की टकटक वाजते आणि दमच सोडते. चावी बंद केली तरी धडधडतच होती!"

मुलाने खिशातून फोन काढला. ताईंनी त्याच्याकडे न बघता मिस्त्रीला बोलावून घेतले. त्याने प्लग काढून दाखवला. टोक पांढरेफटक पडले होते.

"भाजलाय, मावशी. असंच पळवलं तर पिस्टनला भोक पडेल. थंड प्लग बसवतो."

"खबरदार! या प्लगनं मला कधी रस्त्यात उभं केलं नाही. हीच कार्टी रेटून चालवते."

"मागून ट्रक भोंगे वाजवतात, आजी! तिथं काय तुझ्यासारखी दारोदार थांबत जाऊ?"

"थांबून बघ. चहा तरी मिळतो."

त्या दोघींच्या बोलण्यात मी सहसा पडत नाही. त्या दिवशी पडले.

"ताई, सुती कपड्याची कडक इस्त्री मी रेशमावर फिरवली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

"तुला घराबाहेर काढलं असतं."

"का? इस्त्री वाईट होती?"

ताईंनी भाजलेला प्लग हातात घेतला, बोटाने पुसला आणि मिस्त्रीपुढे हात केला. "आण तो थंड. बसवेल मात्र हीच."

नात गुडघ्यांवर बसली. "आधी नुसत्या बोटांनी फिरव," ताई सांगत होत्या. "अडला तर जोर करू नकोस, सोडून पुन्हा धर. पाना शेवटी, आणि हलक्या हातानं."

पुढचे दिवस ताई सायंकाळी पायरीवर बसून राहत. आठवडा झाल्यावर इंजिन निवू देऊन त्यांनी प्लग खोलायला लावला. टोक बिस्किटासारखे फिके तपकिरी होते. तो रंग योग्य समजतात. ताईंनी प्लग प्रथम मुलाच्या नाकापुढे धरला.

"बघून घे."

"बघितलं, आई. फोन खिशातच आहे."

नंतर ताई मला हळूच म्हणाल्या, "गाडीचा आवाज बदलला गं. कोपऱ्यावर वेग कमीच करत नाही ही. माझी वाटतच नाही."

मात्र आता संध्याकाळी तो आवाज वळणावर आला की ताई भिंतीला धरून उठतात आणि जिन्याखाली पसरलेल्या सगळ्यांच्या चपला पायाने बाजूला सारून गाडीला जागा करतात.