पेंटरांनी काढलेल्या पेशी

ज्याला न पाहिलेलं रंगवता येत नाही त्यानं जगात दुसरा कुठलाही धंदा करावा, पेंटर होऊ नये. गोरेगावच्या चाळीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या पेंटरांना हे सांगणारा कुणी भेटला नाही, आणि भेटला असता तरी त्यांनी आधी त्याचं नाक नीट पाहून घेतलं असतं. माणूस मूळचा मालवणचा. नोकरी फिल्म स्टुडिओत पडदे रंगवण्याची, म्हणजे न पाहिलेलंच रंगवण्याची. एकदा त्यांना हिमालय काढायला सांगितला. त्यांनी आंबोलीचा घाट तेवढा पाहिला होता, म्हणून आंबोली काढली आणि वर चुना फासला. नायिका काश्मीरच्या बर्फात रडत होती आणि तिच्या मागे करवंदीच्या जाळ्या. नाक्यावरच्या सलूनसाठी पाटी केली, तीवर समोर बसलेल्या मालकाचंच डोकं काढलं, टक्कल होतं तसं. बाजारात बांगड्याच्या पाठीवरचा निळा रंग बघत इतका वेळ उभे राहत, की कोळीण म्हणे, "घ्यायचा तं घे, नाय तं ठेव. डोल्यांनी खाशील काय?" आम्ही चाळकरी या गोष्टी एकमेकांना सांगून हसत असू. हसणाऱ्यांत मी पहिला.

त्या काळी मी जवळच्या हायस्कुलात सायन्स शिकवत होतो, सात वर्षं तात्पुरताच. इन्स्पेक्शन जवळ आलं, तेव्हा हेडमास्तरांना वर्गात पेशीविभाजनाचा मोठा तक्ता हवासा वाटला. मी पेंटरांचं नाव सुचवलं आणि पुस्तकातली चार गोल चित्रं त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, "मास्तरांनू, पण ह्यां बघल्यान कोणी?"

झालं. एका रविवारी मी त्यांना शाळेत नेलं. ग्लासातल्या पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला पांढरी मुळं फुटली होती. त्यांची टोकं कापली, लाल रंगात बुडवली, काचेवर चिरडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पेंटर सकाळी बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. मध्येच म्हणाले, "हंय बहुतेक निजलेलीच आसत. कामाक लागलेली चारपाचच." मी सांगितलं की त्या निजलेल्या नाहीत. पेशीचं बरंचसं आयुष्य तयारीतच जातं. ती वाढते, केंद्रकातल्या धाग्यांची दुसरी प्रत करते. मग धागे जाड होतात, मधोमध रांगेत येतात, दोन टोकांना ओढले जातात, मध्ये भिंत पडते आणि एकीच्या दोन होतात.

"आणि आदली खंय गेली?"

"कुठे जाणार? आईच्याच दोन लेकी झाल्या."

"म्हणजे आवस मराक नाय, आणि उराक पण नाय," पेंटर म्हणाले. मग मला जबरदस्तीनं भिंगाला डोळा लावायला लावला. एका पेशीत सगळे धागे दोन टोकांना पोचले होते आणि एक मध्येच वाकडा होऊन मागे राहिला होता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला.

तीन आठवड्यांनी तक्ता आला. कापडभर पेशी, एकीसारखी दुसरी नाही. बहुतेक तयारीतल्या, मधूनमधून एखादी फुटणारी, आणि एका कोपऱ्यात तो वाकडा धागा. सात वर्षं मी पेशीविभाजन शिकवत होतो. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसलं. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "यात एक, दोन, तीन, चार असा क्रम कुठाय?"

"क्रम तुमच्या पुस्तकात आसा, कांद्यात नाय," पेंटर म्हणाले.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "तुम्ही सायन्सचे. हा धागा चुकलाय ना?"

त्याच महिन्यात मला कायम करायचं की नाही हे ठरायचं होतं. मी म्हणालो, "हो. हात हलला असेल."

पेंटरांनी माझ्याकडे पाहिलं. बांगड्याकडे पाहत तसं, नीट. कापड गुंडाळलं आणि निघून गेले. तक्ता दुकानातून आला, चार स्वच्छ गोलांचा. इन्स्पेक्टरसाहेबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हजेरीपट चाळला, बटाटेवडे खाल्ले आणि गेले. मी कायम झालो.

त्यानंतर पेंटर भेटले की हसायचे, विचारपूस करायचे. पण 'मास्तरांनू' गेलं आणि 'सर' आलं. माफी मागायचं मी रोज ठरवत होतो. मध्ये एकच भिंत होती, तरी जमलं नाही. पुढे स्टुडिओनं त्यांना काढलं आणि ते खोली सोडून गावी गेले. मी त्या वेळी पेपर तपासत होतो, निदान तसं दाखवत होतो.

परवा त्यांच्या गावचा एक माणूस भेटला. पेंटर आता होड्यांवर नावं रंगवतात. पण आधी त्या होडीतून दर्यात जाऊन येतात, ती लाटेवर कशी चालते ते पाहतात, आणि मगच ब्रश उचलतात. त्यामुळे दोन-दोन महिने होड्या बिननावाच्या फिरतात. मी विचारलं, "आणि होडीवाले?"

"थांबतत," तो म्हणाला. "त्येंका घाई नाय."

ऐकून मला बरं वाटलं. त्यांचा पत्ताही मी लिहून घेतला. कार्ड आणून ठेवलंय, पण मायन्याच्या पुढे काही सरकत नाही.