दुपारी साडेतीनचा लेट-नाइट शो

चार माणसं कॅमेऱ्यासमोर बसवून लाल दिवा लावला की किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे इतके साठलेत की कुठला कोणत्या शनिवारचा, यावरून घरात अजून वाद होतात!

तेव्हा आम्ही जर्मनीत इंगोलश्टाटला होतो. माझा नवरा श्रीरंग गाड्यांच्या सीट डिझाइन करायचा, पण वेड लेट-नाइट टॉक शोचं. हौशी लोकांना अर्धा तास देणारी एक छोटी वाहिनी तिथे होती. रात्रीची वेळ मासेमारी क्लबने पटकावलेली. त्यामुळे आमचा लेट-नाइट शो शनिवारी दुपारी साडेतीनला, लाइव्ह! मागे चांदण्यांचा पडदा, कॅमेऱ्यावर मी. स्टुडिओ सांभाळणाऱ्या फ्राऊ क्रूगर, म्हणजे क्रूगरबाईंनी, बजावलं होतं, "स्क्रीन एक मिनिट रिकामी दिसली, तर तुमची वेळही मासेवाल्यांना!"

*

जर्मनमध्ये साडेतीनला 'हाल्ब फिअर' म्हणतात, म्हणजे 'अर्धा चार'. श्रीरंगने ऐकलं साडेचार. मी कॅमेरा शिकायला दुपारपासूनच तिथे. लाल दिवा लागला, पाहुणे हजर, होस्ट गायब!

पाहुणे म्हणजे निवृत्त पोस्टमन हेर वेबर. ('हेर' म्हणजे गुप्तहेर नव्हे, जर्मन 'श्रीयुत'!) बिचारे स्वतःच स्वतःला प्रश्न विचारू लागले. उत्तरंही छान देत होते. पाऊण तास आधी पोचतोय म्हणून खुशीत असलेला श्रीरंग पावणेचारला आत आला.

हेर वेबरनी उठून हात मिळवला. "या, बसा! जर्मनीत कधी आलात?"

श्रीरंग बसला. आणि शो संपेपर्यंत उत्तरं देत राहिला!

*

एकदा श्रीरंगचे सासरे, म्हणजे माझे बाबा, नाशिकहून आलेले. पहिल्या रांगेत बसले होते. शो रंगात आला आणि बाबा ओरडले, "अहो जावईबापू, बटण!"

श्रीरंगने गडबडीत शर्ट चाचपला. त्या दिवशीच्या पाहुण्या पाववाल्या बाईंना वाटलं, हा भारतातला नमस्कार. त्यांनी बाबांकडे वळून, हात जोडून, मान लववून म्हटलं, "बटण!"

बाबांनीही हात जोडले. दुसरं काय करणार?

*

माझ्या मावशीला बोलावलं तेव्हा दुभाषी होती आमची आठ वर्षांची इरा. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. मावशी पेटी शिकवते. गुरुजी कसे रागवायचे, एकदा रुसून तिने पेटी कशी विकायला काढली, मग रडत परत कशी आणली... पाच मिनिटं बोलली. डोळे भरून आले तिचे.

इराने माइक घेतला. जर्मनमध्ये म्हणाली, "ती म्हणते, हो."

*

आणि हेर लांग. चाळीस वर्षं इंजिनांचे आवाज तपासलेला माणूस. नुसत्या कानाने बिघाड सांगायचे म्हणे.

श्रीरंगने पहिला प्रश्न विचारला. त्यांनी बोट वर केलं, "श्श!" छताला पंखा फिरत होता. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

मग डोळे उघडून म्हणाले, "आठ मिनिटं." आणि इंजिनांबद्दल मजेत बोलू लागले.

त्यांचं कोण ऐकतंय? फ्राऊ क्रूगर घड्याळ बघतायत, श्रीरंग खुर्ची हळूहळू पंख्याखालून सरकवतोय. सहा. सात. साडेसात.

आठव्या मिनिटाला हेर लांग उठले. कोटाची बटणं लावली, श्रीरंगशी हात मिळवला. "गेनाऊ," म्हणाले. अगदी बरोबर! आणि दार उघडून चालते झाले.

पंखा तसाच फिरत होता. आठ मिनिटं पंख्याची होती की त्यांच्या गप्पांची, कोण सांगणार? उरलेला वेळ आम्ही सगळे वर बघत बसलो. कॅमेऱ्यासकट.