सत्काराच्या कपाटातला फवारा

बुद्धप्रिया बनसोडे आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहतात. ठेंगण्या, चालीला घाई. बोलण्यात मात्र एक शब्द वाया नाही. मी व्यवस्थापन समितीचा सर्वांत वयस्कर सदस्य आहे. वर्षभर प्रत्येक बैठकीत बाईंनी एकच विषय मांडला आणि प्रत्येक बैठकीत त्यावर ‘पुढे पाहू’ एवढाच निर्णय झाला. हा सारा प्रकार मला इतका बेशिस्त वाटतो, की तो क्रमाने सांगितल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही.

गेल्या वर्षी बाईंच्या पथकातला दिपक वसतिगृहातल्या खोलीत दगावला. तो कॉलेज सुटल्यावर एमआयडीसीतल्या यंत्रमागावर काम करीत असे. पाठ दुखते म्हणून कुणीतरी दिलेल्या गोळ्या त्याने सुरू केल्या आणि पुढे त्यांच्यावाचून त्याचे चालेना. खोलीतल्या मुलांना बाईंनी विचारले, तेव्हा एकजण रडत म्हणाला, “मॅडम, घोरत हुता की! आमाला वाटलं लई दमलाय, झोपू दे.”

अफूच्या जातीच्या गोळ्या प्रमाणाबाहेर गेल्या की श्वास मंदावतो आणि घशातून घोरल्यासारखाच आवाज येतो. आपल्याकडे घोरणे म्हणजे गाढ झोप, आणि झोपलेल्याला उठवू नये हा शिष्टाचार. त्या शिष्टाचाराने मुलगा गेला.

बाईंची मागणी साधी होती. अशा वेळी नाकात मारायचा उताऱ्याचा फवारा हाताशी ठेवावा, आणि श्वास कसा पाहावा, तोंडाने कसा द्यावा, हे शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांना शिकवावे.

“मॅडम, असलं औषध भिंतीवर टांगलं तर पालक काय म्हणतील?” प्राचार्य उदयसिंह घाडगे म्हणाले. “हितं पोरं नशा करत्यात असा बोर्डच लावल्यासारखं की!”

“सर, आग विझवायची लाल नळकांडी लावलीत ना भिंतीवर? कॉलेज जळतंय असं कुणी म्हणालं का?”

“तुम्ही काय ऐकायच्या नाहीत.”

अखेर एका डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फवारे आले, ते प्राचार्यांच्या कार्यालयातल्या काचेच्या कपाटात गेले. आमच्या सोलापुरात पाहुणा आला की टॉवेल आणि श्रीफळ देऊन सत्कार होतो. त्या टॉवेलांचे हे कपाट. किल्ली मुख्य लिपिक गुरुसिद्धप्पा यांच्या खिशात. आणीबाणीची वस्तू कुलपात ठेवणे ही व्यवस्था नव्हे, असे मी बैठकीत स्पष्ट सांगितले. प्राचार्यांचे उत्तर मिळाले, “सर, टॉवेल जातात हो.”

प्रशिक्षणाऐवजी व्यसनमुक्तीच्या शपथेचा कार्यक्रम ठरला. बाईंनी प्रयोगशाळेत, परवानगी नसताना, संस्कृतीसह चार मुलींना श्वास द्यायला शिकवले. त्यांच्या हातून नियम मोडला तो एवढाच.

कार्यक्रमात पाहुण्यांचे भाषण रंगात आले असता मागच्या रांगेतून घोरण्याचा आवाज आला. सभागृह हसले. पाहुणे म्हणाले, “झोपू द्या, झोपू द्या. माझ्या भाषणाचा तो गुणच आहे!” हशा दुप्पट झाला. मीही गालातल्या गालात हसत होतो. शेजारची बाईंची खुर्ची रिकामी झालेली दिसली, तेव्हा थांबलो.

मागे दुधनीचा ऋतुराज मान टाकून पडला होता. ओठ निळसर. बाईंनी हाका मारल्या, छातीच्या हाडावर बोटांची पेरे जोरात घासली. तो हलेना.

“१०८ ला फोन लावा! संस्कृती, श्वास दे, शिकवलाय तस्सा. सर, कपाट उघडा!”

प्राचार्यांनी गुरुसिद्धप्पांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, “हार विसरला हुता सर, आनायला आलोय. आलोच की!”

 व्यासपीठावर चढून बाईंनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या तबकातले श्रीफळ उचलले आणि कार्यालयाकडे धावल्या. काच फुटल्याचा आवाज सभागृहात आला. टॉवेलांच्या गठ्ठ्यामागून फवारा काढून त्या परतल्या, तेव्हा संस्कृती घामाघूम होऊन श्वास देतच होती.

ऋतुराज वाचला. औषधाचा असर ओसरला की श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून बाई रुग्णवाहिकेतून त्याच्याबरोबर गेल्या.

आता तरी काही बदलेल, अशी माझी अपेक्षा होती. पुढच्या बैठकीला गेलो, तर कपाटाला नवी काच आणि पहिल्यापेक्षा मोठे कुलूप. प्राचार्यांनी बाईंच्या धाडसाचा सत्कार जाहीर केला.

“आणि प्रशिक्षण?” मी विचारले.

“पुढे पाहू, सर. आज आनंदाचा प्रसंग आहे.”

गुरुसिद्धप्पा कपाट उघडायला गेले. किल्ली तिसऱ्या खिशात सापडली. बाईंच्या खांद्यावर टॉवेल पडला, हातात श्रीफळ आले, टाळ्या झाल्या. बाईंनी टॉवेल घडी करून प्राचार्यांसमोर ठेवला.

“हा कपाटात परत ठेवा, सर. मोजून.”

“आणि श्रीफळ?”

“हे मी वसतिगृहात ठेवते. पुढच्या वेळी काच फोडायला लागेल.”

 गुरुसिद्धप्पांनी टॉवेल आत ठेवला आणि सवयीने कुलूप लावले.