चकती फिरते तोवर

पिंपळगाव रेणुकाईच्या धर्मराजाचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असायचं. गुरुजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत याचा हात वर, आणि सगळं गाव त्यालाच हुशारी म्हणायचं. त्याच हुशारीवर तो डॉक्टरकीला गेला आणि त्याच हुशारीनं शेवटच्या वर्षी तोंडावर आपटला. प्रात्यक्षिक परीक्षेत पेशंट पाहिला न पाहिला, यानं आजाराचं नाव ठोकून दिलं. "कशावरून?" परीक्षकांनी विचारलं, आणि गड्यानं पुन्हा तेच नाव ठोकून दिलं.

ही २००९ची गोष्ट. सहा महिन्यांनी फेरपरीक्षा होती. तीही गेली तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. वडील काकासाहेबांनी तर पारावर बसणंच सोडलं होतं. पुस्तकं धर्मराजाला पाठ होती. विचार कसा करायचा, तेवढंच येत नव्हतं.

भोकरदनच्या नेट कॅफेत एका दुपारी त्याला एक व्हिडिओ सापडला. कुठल्याशा लांबच्या कॉलेजातली पोरंपोरी टेबलाभोवती बसून एका पेशंटवर चर्चा करत होती, आणि कुणीतरी ती शूट करून नेटवर टाकली होती. त्यातली एक मुलगी म्हणाली, "मी मघाशी म्हणाले ते चूक. हे बसत नाही." कुणी हसलं नाही. धर्मराज खुर्चीत ताठ झाला. चुकलो, असं चारचौघांत म्हणता येतं? आणि म्हणूनही माणूस धडधाकट राहतो?

भोकरदनचं नेट म्हणजे आनंदीआनंद. दोन वाक्यं झाली की व्हिडिओ अडकायचा आणि पडद्यावर चकती फिरत राहायची. आधी तो चिडायचा. मग चकती फिरते तोवर, ही पोरं आता पुढं काय विचारतील याचा अंदाज बांधू लागला. अंदाज बहुतेक वेळा चुकायचा, पण थांबायची सवय लागली.

फेरपरीक्षेत त्याच्या वाट्याला राजूरच्या साखराबाई आल्या. गणपतीच्या रांगेत त्या बेशुद्ध पडल्या होत्या, उजवा हात लुळा पडला होता. 'लकवा' धर्मराजाच्या अगदी ओठावर आला. त्यानं तो गिळला आणि मनातली चकती फिरू दिली.

"मावशी, त्या दिवशी काय खाल्लं व्हतं?"

"चतुर्थीला काय खातेत बाबा? चंद्र निघंस्तोवर काईच न्हाई."

"अन् शुगरची गोळी?"

"ती बराबर घेतली. देवाचं ऐकावं, डॉक्टरचंबी ऐकावं."

"हात परत कधी हलला?"

"ग्लुकोजची बाटली लावली, अन् लई जल्दी हलला."

साखर उतरली होती, असं त्यानं सांगितलं. "कशावरून?" परीक्षकांनी विचारलंच.

"सर, आधी मला लकवाच वाटला होता. ते चूक होतं." हे म्हणताना त्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला. मग उपास, गोळी, बाटलीनं परत आलेला हात, सगळं त्यानं सावकाश मांडलं.

तो पास झाला. काकासाहेब पुन्हा पारावर आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी पाय पुढं केला. "हं, डॉक्टर, माझा गुडघा कायनं दुखून राह्यला?"

"कधीपासून दुखतो, दादा?"

"घ्या! पहिले तर चटकन सांगायचा. शिकून मागं आला का काय?"

पार हसला. धर्मराजही हसला, पण उत्तराची वाट बघत थांबून राहिला. काकासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, धोतर सारखं केलं आणि आवाज खाली आणला.

"तू नापास झाल्ता ना, त्या चतुर्थीला राजूरला अनवाणी चालत गेल्तो. तव्हापासून."