पुन्हा एकदा चित्राहुती

दर रविवारी एक गाईड 'जुन्या पुण्याची चव' दाखवायला आमच्या पेठेतील खाणावळीत पाहुण्यांची टोळी आणत असे. ते प्रत्येक पदार्थाचा एक घास चाखत आणि उरलेले ताट टाकून देत.

एकदा त्यांना माझ्या शेजारी जेवणारे विधुर नानासाहेब सापडले. नानासाहेबांनी ताटाभोवती पाणी फिरवून उजवीकडे भाताच्या चित्राहुती घातल्या, तोच गाईड म्हणाला, "आजोबा, फोटो हुकला. पुन्हा एकदा कराल?" त्यांनी तीनदा केले. वरणभात निवून गेला.

शहर जुने झाले की त्याचे प्रदर्शन मांडतात, हे मी समजू शकतो; परंतु जेवत्या माणसाला आपल्याकडे नमस्कारसुद्धा करीत नाहीत. त्याला नाचवण्याचा अधिकार यांना कोणत्या कायद्याने दिला? मी मालकास कलमांसह तीन पत्रे धाडली. सहल बंद झाली.

या रविवारी नानासाहेब कडक इस्त्रीचा सदरा घालून, विरळ केसांना तेल लावून आले. ताट वाढले गेले, तरी ते दाराकडेच पाहत राहिले.

"अहो, आज ती मंडळी नाही आली?"

"येणार नाहीत. मी कायमचा बंदोबस्त केला आहे."

त्यांनी चित्राहुती न घालताच पहिला घास घेतला.